गिरणीचे फाटक आणि आठवीचा वर्ग



व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे किल्ले, लढाया आणि राजकारणे यांची अपेक्षा असते. मी मात्र आज एका शाळेच्या दप्तराविषयी बोलणार आहे. दिवाळीची सुटी संपल्यापासून वार्षिक परीक्षेपर्यंतच्या सत्रात आपल्या गावातील सहावी, सातवी, आठवीची मुले काय शिकत होती, असा प्रश्न मला पडला. मी शेजारच्या घरातून सातवीची आणि आठवीची पुस्तके मागून आणली आणि दोन-तीन रात्री बसून वाचली. पन्नाशी उलटलेल्या कामगार कार्यकर्त्याला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात येईल.

२०१८ साली निघालेल्या आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘समतेचा लढा’ या नावाचा एक पाठ आहे. शेतकरी, कामगार, स्त्रिया आणि दलित यांच्या चळवळींची हकिकत त्यात थोडक्यात सांगितली आहे. पुस्तकात तो बराच पुढे असल्यामुळे दुसऱ्या सत्रात येतो. तेरा-चौदा वर्षांची मुले तो वाचतात, खालचे प्रश्न सोडवितात आणि पुढच्या पाठाकडे जातात. ज्या बाकावर बसून आपण हा पाठ वाचतो, तो बाकही त्याच लढ्यातून मिळालेला आहे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही. कारण ती पुस्तकात कोठे लिहिलेली नाही. तेवढी एक गोष्ट आज मला सांगावयाची आहे. सहावी ते आठवी हे वर्ग सर्व मुलांसाठी असावेत ही कल्पना आपल्याकडे शिक्षणखात्याच्या कचेरीत जन्मास आली नाही. कारखान्याच्या फाटकाशी जो वाद सत्तर वर्षे चालला, त्यातून ती आली.

आरंभ मुंबईपासून करू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडाची पहिली गिरणी उभी करण्याचा घाट घातला आणि दोन वर्षांत ती चालू झाली. पुढच्या वीस वर्षांत गिरण्या वाढल्या. दिव्यांची सोय नव्हती, म्हणून सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद, असा दिवस असे. उन्हाळ्यात हा दिवस किती लांबतो हे आपणांस सांगावयास नको. या कामात पुरुष होते, बायका होत्या आणि सहा-सात वर्षांची पोरेही होती. चात्यांवरच्या भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या बसविणे, तुटलेला धागा जोडणे ही कामे लहान बोटांना सोपी जातात, आणि लहान बोटांना मजुरीही कमी द्यावी लागते.

१८७५ साली मुंबई सरकारने गिरण्यांची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले. कायद्याची जरुरी नाही, असे त्यातील बहुमताचे म्हणणे पडले. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी कायद्याचा आग्रह सोडला नाही. इकडे लँकेशायरचे गिरणीवालेही हिंदुस्थानात कायदा व्हावा म्हणून खटपट करीत होते. त्यांचा हेतू आमच्या पोरांविषयीच्या दयेचा नव्हता, तर मुंबईचा माल महाग व्हावा असा होता. त्यामुळे देशी वर्तमानपत्रांपैकी पुष्कळांनी कायद्याला विरोध केला. स्वदेशी धंद्याची काळजी खरी होती, परंतु त्या काळजीचा भार सात वर्षांच्या पोराच्या पाठीवर टाकला जात होता, हेही तितकेच खरे होते.

अखेर १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसे असतील अशाच कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलास कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, त्याला एक तासाची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्या द्याव्यात, एवढे त्यात होते. नऊ तास काम आणि एक तास विश्रांती मिळून दहा तास झाले. जाण्यायेण्याचा वेळ धरला तर पोराचा दिवस संपला. त्यात शाळा बसवावयाची कोठे? विलायतेत १८३३ सालच्या कारखाना कायद्यानेच गिरणीतल्या मुलाने रोज दोन तास शाळेत गेले पाहिजे असे ठरविले होते. ती शाळा पुष्कळदा नावापुरतीच असे, पण कायद्यात ‘शाळा’ हा शब्द तरी होता. त्याच राज्यकर्त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षांनी आमच्यासाठी कायदा केला, तेव्हा तो शब्द त्यांनी गाळला.

हा कायदा अमलात आला त्याच्या पुढल्याच वर्षी, म्हणजे १८८२ साली, शिक्षणाची चौकशी करणारे हंटर कमिशन देशभर फिरले. महात्मा जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन ठेवले. प्राथमिक शिक्षण ठराविक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी त्यात केली. कारखाना कायद्यातील मूल बारा वर्षांचे आणि जोतीरावांच्या शाळेतील मूलही बारा वर्षांचेच. एका कायद्याने ज्याला नऊ तास राबविण्याची मुभा दिली, त्यालाच शाळेत बसवा असे हे निवेदन म्हणत होते.

काय शिकवावे हेही जोतीरावांनी सांगितले आहे. मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता यावी, हिशेब यावा, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख व्हावी, शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, नीतीचे आणि आरोग्याचे चार धडे असावेत. ही यादी डोळ्यांपुढे ठेवून आजची सातवीची पुस्तके चाळावीत. मोडी गेली, विज्ञान पुष्कळ आले, पण सांगाडा ओळखीचा वाटतो. मोडीचा आग्रह का, हेही समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी सावकाराचे खत आणि कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत असे. ज्याला मोडी येत नाही, त्याने कशावर अंगठा उठविला हे त्याला कळत नसे. म्हणजे जोतीरावांच्या मनात अभ्यासक्रम ठरविताना परीक्षेआधी खतावरचा अंगठा होता.

जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हाच विचार गिरणीच्या फाटकाशी नेला. १८८४ च्या सप्टेंबरात परळला त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनकडे पाठविला. आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर आणि अपघात झाल्यास भरपाई, अशा मागण्या त्यात होत्या. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी नवा कायदा आला. नऊ वर्षांखाली बंदी, आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलाला दिवसाला सात तास. ‘चौदा’ हा आकडा आपल्या कारखाना कायद्यात येथे प्रथम आला. या वेळी त्याचा अर्थ ‘चौदापर्यंत अर्धा मजूर’ असा होता, एवढे ध्यानात ठेवू.

येथे आपल्या बाजूचा दोषही लपवून ठेवू नये. मुलांना गिरणीत मालक ओढून नेत नव्हता. पुष्कळदा आईबापच हात धरून आणीत. जन्माचे दाखले नसत, तेव्हा वय अंदाजाने ठरे आणि आठाचा नऊ, अकराचा बारा करणे अवघड नव्हते. काही मुले सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत काम करीत. हा प्रकार इतका माजला की १९२६ साली कायदा दुरुस्त करून, एकाच दिवशी मुलाला दोन कारखान्यांत कामावर जाऊ देणाऱ्या पालकालाच शिक्षा ठेवावी लागली. असा कायदा वाचून सुशिक्षित माणसे म्हणत, अडाणी आईबापांना पोरांची माया नाही. माया होती. परंतु बापाच्या मजुरीत घर चालत नव्हते आणि पोराची मजुरी धरूनच महिन्याचे गणित बसत होते. मुलाला शाळेत पाठवावयाचे तर आधी बापाचा पगार वाढला पाहिजे, हे युनियनच्या माणसाला जितके लवकर कळते तितके शाळा तपासणीसाला कळत नाही.

१९११ साल मोठे बोधप्रद आहे. त्या वर्षी वरिष्ठ कायदेमंडळात नवा कारखाना कायदा संमत झाला आणि कापडगिरण्यांतील मुलांचे तास सहावर आले. त्याच वर्षी, त्याच मंडळात नामदार गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यांची मागणी अगदी माफक होती. सहा ते दहा वर्षांची मुले, तीही जेथील स्थानिक संस्था तयार असतील तेथेच. १९१२ च्या मार्चमध्ये अडतीस विरुद्ध तेरा मतांनी ते विधेयक पडले. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासद होते, तसे आपले जमीनदारही होते. मुलांच्या कामाचे तास मोजणारा कायदा मंडळाला चालला, मुलांना शाळेत बसविणारा चालला नाही.

जे वरिष्ठ मंडळाला जमले नाही, ते संस्थानांत झाले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या बडोदे राज्याला लागू केला. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९१७ साली शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मग १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी कायदा झाला आणि १९२० साली मुंबई शहरासाठी वेगळा. मुंबईत सक्तीची सुरुवात १९२५ च्या सुमारास एफ आणि जी या विभागांत झाली. हे विभाग म्हणजे परळ, वरळीकडील गिरण्यांची वस्ती. गिरणीचा भोंगा आणि शाळेची घंटा एकाच गल्लीत ऐकू येऊ लागली ती तेव्हापासून.

दरम्यान १९२२ च्या कायद्याने कारखान्यातील किमान वय बारा झाले. सक्तीची शाळा सुटे अकराच्या सुमारास आणि गिरणीचे दार उघडे बाराव्या वर्षी. म्हणजे गरिबाच्या मुलासाठी शाळा होती ती खालच्या चार इयत्तांपुरती. पाचवी, सहावी, सातवी या वरच्या इयत्ता होत्या, पण त्या ज्याला परवडेल त्याच्या. सातवीची परीक्षा, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांची ‘फायनल’, उतरली की मास्तर होता येई, तलाठी होता येई. गिरणीत जाणाऱ्याला तिचा काय उपयोग, असे मालकही म्हणे आणि बापही म्हणे. खालच्या चार इयत्तांची तरी काय कथा होती? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात दाखवून दिले होते की, पहिलीत बसणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात ती अठरा. बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात.

हे बोलणारा माणूस परळच्या चाळीत राहिलेला होता, त्याने पुढे मजुरांचा पक्ष काढला आणि व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळले. हे सांगण्याचे कारण असे की, आता आपण ज्या दिवसापाशी आलो आहोत, त्या दिवशी ही सारी शिदोरी कामास आली.

तो दिवस २३ नोव्हेंबर १९४८. घटना समितीत मसुद्याचे छत्तिसावे कलम चर्चेला आले. मसुदा असा होता की, प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, आणि घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांत सर्व मुलांना चौदा वर्षे पुरी होईपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. बंगालचे लक्ष्मीकांत मैत्र यांनी सुचविले की, हे मार्गदर्शक तत्त्व आहे, यात ‘हक्क’ शब्द शोभत नाही, तेव्हा पहिला भाग काढावा. बाबासाहेबांनी ती सूचना स्वीकारली. दुसरी सूचना नझिरुद्दीन अहमद यांची होती. उरलेल्या वाक्यात शिक्षणाच्या मागे ‘प्राथमिक’ हा शब्द घालावा, असे त्यांचे म्हणणे होते. ही सूचना बाबासाहेबांनी नाकारली.

नाकारताना त्यांनी जे कारण दिले, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. याच घटनेच्या अठराव्या कलमाने आपण चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई करीत आहोत. मुलाला चौदापर्यंत कामावर ठेवावयाचे नसेल, तर त्याला चौदापर्यंत कोठल्या तरी शिक्षणसंस्थेत गुंतवून ठेवले पाहिजे, हे उघड आहे. या कलमाचा हेतू तोच आहे, म्हणून ‘प्राथमिक’ हा शब्द येथे बसत नाही.

श्रोतेहो, हे छोटेसे उत्तर मी वाचनालयात प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. १८८१ पासून जे दोन कायदे एकमेकांकडे पाठ करून उभे होते, त्यांना एका माणसाने समोरासमोर आणले. गिरणीचे फाटक ज्या वयापर्यंत बंद, त्या वयापर्यंत शाळेचे दार उघडे असलेच पाहिजे. ‘प्राथमिक’ हा शब्द त्या दिवशी आत शिरला असता, तर पुढे कोणीही म्हणू शकले असते की चौथी झाली, सरकारचे काम संपले. तो शिरला नाही, म्हणूनच पुढे पाचवी ते आठवी हे वर्ग प्रत्येक मुलाचे आहेत असे म्हणावयास आधार राहिला. हीच दोन कलमे घटनेत चोविसावे आणि पंचेचाळिसावे म्हणून आली. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्यानेही किमान वय चौदा केले. १८९१ साली अर्ध्या मजुराचा असलेला आकडा १९४८ साली पुऱ्या विद्यार्थ्याचा झाला.

त्याच दिवशी एक नुकसानही झाले, ते सांगितले नाही तर इतिहास अर्धा राहील. ‘हक्क’ हा शब्द गेला. प्रयत्न करू असे म्हणणाऱ्यावर फिर्याद लावता येत नाही. दहा वर्षांची मुदत १९६० साली संपली. त्या वर्षी आपल्या महाराष्ट्र राज्याचा मंगल कलश आला, पण चौदापर्यंतची शाळा सर्वांना मिळाली नव्हती. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात सांगितले की, चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. २००२ साली घटनेची शहाऐंशीवी दुरुस्ती होऊन तो शब्द परत आला. २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. १९४८ साली सोडलेला एक शब्द परत मिळवावयास चोपन्न वर्षे लागली.

हा कायदा आकडे सांगतो. सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास शिकविले पाहिजे, पस्तीस मुलांमागे निदान एक शिक्षक असला पाहिजे. १८८१ चा कायदा मुलाच्या श्रमाचे तास मोजीत होता, २००९ चा कायदा त्याच्या शिक्षणाचे तास मोजतो. सव्वाशे वर्षांत काय घडले असे कोणी विचारले, तर मी हे दोन कायदे शेजारी ठेवून दाखवीन.

आता माझ्याविषयी दोन वाक्ये, कारण विषयाला ती लागतात. मी सातवी होऊन शाळा सोडली आणि १९८४ साली, तेराव्या वर्षी, एका यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरावयास बसलो. चोविसावे कलम तेव्हाही घटनेत होते. पण शेडचे कागदोपत्री तुकडे केलेले असत, त्यामुळे कारखाना कायदा लागू होण्याइतकी माणसे हजेरीबुकात कधी भरत नसत; आणि इन्स्पेक्टर येणार असल्याची कुणकुण लागली की आम्हा पोरांना मागल्या दाराने बाहेर काढीत. कायदा आणि अंमल यांच्यामधल्या त्या मागल्या दाराची मला ओळख आहे. म्हणून आजच्या सत्राकडे मी वेगळ्या डोळ्यांनी पाहतो.

पुन्हा त्या पुस्तकांकडे वळू. २०१७ साली निघालेल्या सातवीच्या गणितात ‘बँक व सरळव्याज’ हे प्रकरण आहे. २०१८ च्या आठवीच्या गणितात ‘सूट व कमिशन’ आणि पुढे ‘चक्रवाढव्याज’ आहे. व्याजाची ही दोन्ही प्रकरणे पुस्तकाच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे दिवाळीनंतरच्या सत्रात येतात. आता हे सत्र ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्या मुलांचा विचार करा. मराठवाड्यातून आणि नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. साखर कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र आणि गळिताचा हंगाम ही दोन्ही एकाच महिन्यांत येतात. आईबाप मिळून एक ‘कोयता’. त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मुकादम आपले कमिशन घेतो आणि उचल हंगामभर मजुरीतून फेडावयाची असते. फडात बारा वर्षांचे पोर वाढे गोळा करते, मोळ्या बांधावयास हात लावते, आणि त्याच वयाची मुलगी कोपीवर धाकटे भावंड सांभाळते, पाणी भरते. मजुरी टनावर मिळते, त्यामुळे त्यांचे नाव कोठल्याच हजेरीत येत नाही.

कमिशन, सरळव्याज, चक्रवाढव्याज. ज्या घराला या तीन प्रकरणांची सगळ्यांत अधिक गरज, त्याच घरचे मूल त्यांतली व्याजाची दोन प्रकरणे शिकविली जात असताना उसाच्या फडात असते. आपण एक उदाहरण सोडवू. समजा, पन्नास हजार रुपये अंगावर राहिले आणि दर शेकडा दरमहा तीन रुपये. वर्षाचे व्याज अठरा हजार. ते मुद्दलात मिळविले की अडुसष्ट हजार. दुसऱ्या वर्षाचे व्याज चोवीस हजार चारशे ऐंशी, आणि रक्कम ब्याण्णव हजार चारशे ऐंशी. दोन वर्षांत कर्ज जवळजवळ दुप्पट झाले. आठवीच्या मुलाला हे गणित वहीच्या एका पानात करता येते. ज्याला ते येत नाही, तो मुकादमाच्या वहीवर अंगठा उठवितो. जोतीराव मोडीचा आग्रह का धरीत होते, हे येथे पुन्हा आठवावे.

सरकारने काही केले नाही असे मी म्हणत नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, मुलांना गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे निघाली. जेथे ती नीट चालतात तेथे मुले टिकतात. पण वसतिगृह हंगामाच्या आधी उघडले पाहिजे. आईबाप गाडीत बसून गेल्यावर महिन्याने मंजुरी आली तर मूल गाडीतच गेलेले असते.

दुसरी एक चिंता कायद्याची आहे. २०१६ साली बालमजुरीचा कायदा दुरुस्त झाला. चौदा वर्षांखालील मुलाला कोठल्याही धंद्यात कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली, ही स्वागतार्ह गोष्ट झाली. पण शाळेचे तास सोडून आणि सुटीत कुटुंबाच्या उद्योगाला मुलाने हातभार लावावयास त्याने मोकळीक ठेवली. शेतकऱ्याच्या पोराने संध्याकाळी गुरांना पाणी दाखविले तर त्यात कोणाला काय खटकावे? परंतु विडी, यंत्रमाग, भरतकाम यांतला मालक काम घरी पाठवितो आणि घरालाच कारखाना करतो. तेथे कुटुंबाचा उद्योग कोणता आणि मालकाचा कोणता, हे ठरविणार कोण? माझ्या वेळचे मागले दार शेडला होते. ते दार आता घराघरात निघू नये.

म्हणून आपणां गावकऱ्यांकडे माझे मागणे लहान आणि नेमके आहे. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असते आणि कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. त्या समितीच्या दिवाळीआधीच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा की, सहावी ते आठवीच्या पटावरची कोणती मुले सुटीनंतर येणार नाहीत, आणि त्यांच्यासाठी वसतिगृहाचा अर्ज गेला आहे काय? आणि आपल्या गावच्या वेशीबाहेर कोप्या पडल्या की तेथल्या मुलांची नावे जवळच्या शाळेत घाला. वयाप्रमाणे वर्गात बसविण्याची तरतूद कायद्यात आहे. दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. मास्तर नाही म्हणाले तर मला बोलवा, मी येईन.

येत्या जूनमध्ये शाळा पुन्हा भरतील आणि दिवाळीनंतर आठवीच्या वर्गात व्याजाचे गणित पुन्हा फळ्यावर येईल. त्या दिवशी वर्गात किती बाक रिकामे आहेत, ते आपल्यापैकी कोणी तरी जाऊन मोजावेत, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.